सावलीचं ताट

कुनिमात्सूच्या घरी जायचं नाही, हे इसोगाईनं कुरे बंदराच्या धक्क्यावर पोचेपर्यंत पक्कं ठरवलं होतं. आणि मग त्यानं कुनिमात्सूच्या बेटावर जाणाऱ्या लाँचचंच तिकीट काढलं. आता याला काय म्हणायचं? माणसाचे पाय कधीकधी डोक्याला विचारत नाहीत, दुसरं काय! एका दिवसाची रजा मिळाली होती. बरोबरचे खलाशी कुणी गरम पाण्याच्या न्हाणीघरात गेले, कुणी साकेच्या दुकानात, कुणी जिथं जायचं तिथं. इसोगाईचं स्वतःचं घर पार उत्तरेला, अकिताच्या बर्फात. एका दिवसात तिथं जाऊन येणं शक्यच नव्हतं. उद्या सकाळी नव्या जहाजावर हजर व्हायचं होतं, आणि आजचा अख्खा दिवस समोर रिकामा पडला होता.

लाँचमध्ये बसल्यावर त्यानं स्वतःची समजूत घातली. लांबूनच बघू घर. कुनिमात्सूनं इतक्यांदा सांगितलंय की डोळे मिटूनही सापडेल. धक्क्यापासून वर चढत जायचं, संत्र्यांची बाग लागली की डाव्या हाताला दुसरं छप्पर. बघायचं, मान लववायची आणि परतीच्या लाँचनं निघायचं. कुणाशी बोलायचं नाही.

बोलायला बंदीच होती. उसुगिरी ही त्यांची विनाशिका डिसेंबरात दक्षिणेच्या समुद्रात बुडाली होती. जे थोडे वाचले त्यांना परत आणून खाडीतल्या एका ओसाड बेटावर ठेवलं होतं, पटकी झालेल्या माणसांना ठेवतात तसं. पत्र नाही, भेट नाही. मार्च उजाडला तेव्हा एका अधिकाऱ्यानं त्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "उसुगिरी अजून समुद्रावर आहे. समजलं? तुमची बदली झाली, एवढंच. जो याहून जास्त काही बोलेल त्याला मी सोडणार नाही. आणि ज्याच्याजवळ बोलेल त्यालाही सोडणार नाही, मग ती त्याची आई का असेना." असले हुकूम काढणाऱ्यांना स्वतःची आई नसते की काय, देव जाणे. रांगेतले सगळे एका सुरात "हो" म्हणाले. इसोगाईही म्हणाला.

उसुगिरी काही फार मोठं जहाज नव्हतं. लांब, बारीक, अंगावर मांस नसलेलं. लाटेवर चढली की मधून वाकते की काय असं वाटायचं. पण पळायची मात्र! पहिल्या वर्षी ती कुठं कुठं गेली नाही? जावाच्या बाजूला गेली, फिलिपिन्सला गेली, मोठ्या जहाजांच्या पुढं धावत समुद्र झाडत गेली. तेव्हा खलाशांच्या छात्या फुगलेल्या असायच्या. नंतर ग्वादालकनालचं प्रकरण सुरू झालं आणि सगळी रयाच गेली. त्या बेटावर आपले सैनिक उपाशी मरत होते. सामानाची जहाजं पोचायच्या आत बुडवली जात होती. मग विनाशिकांवर तांदळाची पिंपं लादायला सुरुवात झाली. पिंप अर्धं भरायचं, म्हणजे तरंगतं. एकेका दोराला ओळीनं पिंपं बांधायची, अंधारात किनाऱ्याजवळ जायचं, दोर समुद्रात लोटून द्यायचा आणि उजाडायच्या आत जीव घेऊन पळायचं. किनाऱ्यावरच्यांनी दोर ओढून घ्यायचा. किती पिंपं त्यांच्या हाती लागली आणि किती वाहून गेली, ते कुणी विचारू नये. त्यांच्या अंगात दोर ओढायची ताकद तरी कुठं होती?

"युद्धनौकेवर भरती झालो म्हणून आईनं गावभर मिठाई वाटली," कुनिमात्सू म्हणायचा, "आणि इथं पाहतो तर वाण्याची हातगाडी!"

हा कुनिमात्सू बॉयलरखोलीतला. रुंद, ठेंगणा, सदा घामानं निथळणारा. इसोगाई डेकवरचा. दोघांची कामं वेगळी, मुलुख वेगळे, बोलीसुद्धा वेगळी. तरी पहिल्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. कारण म्हणाल तर काहीच नाही. एक बडबड्या होता आणि दुसऱ्याला ऐकायला आवडायचं.

जहाजावर जेवणाचे हाल झाले की कुनिमात्सू पोटावरून हात फिरवायचा. "माझं झालं बुवा जेवण. आईनं ताट मांडलं असणार. आज शिंपल्यांचं सूप होतं."

घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या नावाचं ताट मांडायचं, ही चाल सगळ्यांकडेच. सावलीचं ताट. माणूस तिथं नसतो पण जेवण असतं, म्हणजे तो जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही. ताटाचं तोंड मात्र तो असेल त्या दिशेला हवं. बरोबरचे खलाशी कुनिमात्सूची टर उडवायचे. "तुझी आई वाढते आणि ढेरी इथं सुटते, वा रे वा! तिला म्हणावं, आमच्यासाठीही दोन घास जास्त टाक." कुनिमात्सू हसायचा. आणि स्वतःच्या वाटणीचा भाताचा गोळा, कधी परतताना बेटावरून उचलून आणलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या सैनिकांपैकी कुणाच्या तरी हातात ठेवायचा. "घे रे, माझं पोट भरलंय," असं वर म्हणायचा. हे इसोगाईनं एकदा नाही, अनेकदा पाहिलं होतं.

बुडाली त्या दिवशीही पिंपं लादलेलीच होती. सूर्य मावळत होता. डेकवर पिंपांच्या ओळी आणि मधून चालायला वीतभर जागा. कुनिमात्सू गार वाऱ्याला म्हणून दोन मिनिटं वर आला आणि पाठ करून उभा राहिला. "इसोगाई, जरा खाजव रे. घामोळ्यांनी जीव खाल्लाय. वर... अजून वर, लेका, कुठं खाजवतोयस? हां, तिथं." मग "बास" म्हणाला आणि शिडी उतरून खाली गेला. तो खाली पोचला असेल नसेल, तेवढ्यात पाणबुडीचा टॉर्पेडो नेमका बॉयलरखोलीच्या कुशीत घुसला. उसुगिरीचे मधोमध दोन तुकडे झाले. इसोगाई पाण्यात फेकला गेला, त्याच्याबरोबर पिंपंही. त्यातल्याच एका तांदळाच्या पिंपाला मिठी मारून तो तरंगत राहिला. घशात तेल गेलं होतं, तरी तो कुनिमात्सूच्या नावानं ओरडत होता. बॉयलरखोलीतून कुणीच वर आलं नाही. येणार कसं? दुसरी विनाशिका आली, घाईघाईत हाताला लागतील तेवढ्यांना उचललं आणि निघून गेली.

तर असा हा इसोगाई बेटाच्या धक्क्यावर उतरला आणि उतरल्या उतरल्या पकडला गेला.

"ओहो, नौदल! कुणाकडचे पाहुणे?"

हा निशिवाकी, आळीच्या शेजारसमितीचा प्रमुख. शिधावाटप, दिवे झाकणं, सैनिकांना निरोप देताना निशाणं नाचवणं, सगळं याच्या हातात. वर प्रत्येक घरात नाक खुपसायचा परवानाही यानं स्वतःच स्वतःला दिलेला. मागच्या वर्षी एक बाई मुलाला निरोप देताना धक्क्यावर ओक्साबोक्शी रडली. यानं लगेच ठाण्यावर कळवलं, आणि त्या बिचारीला 'धीर खचवणारं वर्तन' म्हणून दोन दिवस तिथं बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून आळीतल्या बायका रडायचंही घरात आणि हळू आवाजात रडू लागल्या.

"सहज आलोय. फिरायला," इसोगाई म्हणाला.

"फिरायला? युद्धाच्या दिवसांत? तोसेबाईंचा मुलगा नौदलात आहे. उसुगिरीवर. तुम्ही त्याचेच दोस्त दिसता. चला, मी दाखवतो घर. ओ तोसेबाई! अहो, तुमच्या कुनिमात्सूच्या जहाजावरचा माणूस आलाय!"

झालं! आता काय करणार? वरून एक बाई धावत खाली येत होती. हातातला कोयता टाकायचंही भान नव्हतं तिला. बारकीशी, उन्हानं काळवंडलेली, डोक्याला फडकं बांधलेली. कुनिमात्सूचंच नाक.

"आलास? ये बाळा, ये," तोसे म्हणाली. जणू ती त्याची वाटच बघत होती. "नाव सांगू नकोस, मी ओळखते. लांब मान, कमी बोलणारा. इसोगाई ना तू?"

इसोगाईनं मान हलवली. निशिवाकी हसत बघत होता. "मग काय, कुनिमात्सू मजेत ना?"

"मजेत," इसोगाई म्हणाला. शब्द इतका सहज निघाला की त्याचा त्यालाच तिटकारा आला.

घरात कुनिमात्सूची बायको होती, शिझुनो. लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा जहाजावर गेला. पोरगी वयानं लहान, पण हात बायाबापड्यांसारखे खरखरीत झालेले. दिवसभर सासूबरोबर मचव्यावर जाऊन शिंपले काढायचं काम करी. तिनं जवाचा चहा आणून ठेवला आणि दाराशी टेकून बसली. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. इसोगाईला ते बघणं सहन होईना, म्हणून तो तोसेकडे बघून बोलू लागला.

आणि तोसे विचारतच सुटली. जेवायला गरम मिळतं का? रात्री पांघरूण घेतो का? अजून झोपेत बडबडतो का? दात दुखत होता तो काढला का?

"काढला," इसोगाई म्हणाला. खरंच काढला होता, ऑगस्टात.

"आणि घामोळं? लहानपणापासून त्याला उन्हाळा म्हटला की पाठभर घामोळं. मी खाजवून खाजवून थकायचे."

"आता मी खाजवतो, काकू. वर म्हणतो, खाली म्हणतो, कुठंही खाजवलं तरी शिव्या घालतो."

दोघी हसल्या. शिझुनो तर तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिच्या डोळ्यात पाणी आलं. इसोगाईही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण 'घालतो' म्हणालो, 'घालायचा' नाही म्हणालो. पण बंदीच तशी होती, आणि समोरच्या दोन चेहऱ्यांवरचं हसू मोडायला कुठला शूर पुढं येणार? आपण फक्त बदली झालेला माणूस, असं त्यानं मनाशी पुन्हा पुन्हा घोकलं. दुपारच्या लाँचनं जायचं. तोवर कसंही करून तोंड सांभाळायचं.

जेवणाची वेळ झाली. तोसेनं आधी ते ताट मांडलं. काळ्या रोगणाचं, चार बुटक्या पायांचं, कडा झिजलेलं. भाताची वाटी, सुपाची वाटी, भाजलेले दोन छोटे मासे, मुळ्याचं लोणचं. इसोगाईनं चोरून घरातल्या बाकीच्या वाट्यांकडे पाहिलं. त्यांत रताळी आणि जव, भात नावालाच. शिध्यात मिळणारे सगळे पांढरे तांदूळ त्या एका ताटात जात होते.

"आधी मी खिडकीकडे तोंड करून मांडायचे," तोसे सांगत होती. "गेल्या खेपेला आला तेव्हा तो म्हणाला होता, दक्षिणेला जातोय, आई. म्हणून दक्षिण. पण त्यालाही आता किती महिने झाले! ते जहाज काय एका जागी बसतं? आज इथं, उद्या तिथं. मग मी चारी दिशांना फिरवायला लागले. सकाळी एकीकडे, दुपारी एकीकडे. पण मला झोप लागत नाही रे. चारांतली तीन जेवणं भलतीकडेच जात असणार. माझं पोर तीन वेळा उपाशी आणि एकदा जेवलेलं. तो तर खायला केवढा! शिझुनोला विचार."

"आई सारखं हेच म्हणतात," शिझुनो हळूच म्हणाली. "रात्री उठून बसतात."

"हे बघ, बाळा," तोसे पुढं सरकली आणि आवाज एकदम खाली आणला. "मला ठाऊक आहे, जहाज कुठं आहे ते सांगायला मनाई असते. मी विचारतच नाही. निशिवाकीच्या कानाला भोकं आहेत आणि या भिंती कागदाच्या. तू बोलू नकोस. तू फक्त हे ताट फिरव. योग्य दिशेला फिरवून ठेव. तुझ्या तोंडून एक शब्द गेला नाही, म्हणजे हुकूम मोडला नाही. हो की नाही?"

केवढा विचार करून ठेवला होता तिनं! किती दिवस घोळवलं असेल हे मनात, कुणी एक जण त्या जहाजावरचा यावा आणि आपलं ताट सरळ करून द्यावं म्हणून. इसोगाईनं तोसेकडे पाहिलं, मग ताटाकडे. वाफ वाटीच्या झाकणाखालून बाहेर येत होती. नाही म्हणता येईना. आणि खोटी दिशा दाखवणंही होईना. इतका वेळ तो खोटं बोलला होता, पण ते तोंडानं. हातानं खोटं करायला त्याचा जीव धजेना. बुडाल्यापासून कुनिमात्सूला कुणी एक फूल वाहिलं नव्हतं की उदबत्ती लावली नव्हती. निदान आईचा घास तरी त्याच्याकडे नीट जावा.

तो गुडघ्यांवर पुढं सरकला, दोन्ही हातांनी ताट धरलं. खिडकीकडे दक्षिण. तिथून त्यानं ताट जरासं डावीकडे वळवलं, भिंतीवर टोप्या टांगल्या होत्या त्या कोपऱ्याच्या रोखानं. वाटीतलं सूप डुचमळलं. "असं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

तोसेचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! "म्हणजे मी फार चुकले नव्हते! ऐकलंस का गं शिझुनो? खिडकीकडचं ताट जवळजवळ बरोबरच होतं. थोडं तरी पोचलं असणार. पोचलंच." तिनं हात जोडले. मग परत काळजीत पडली. "पण बाळा, जहाज तिथून हललं की मग? मला कसं कळायचं? तू काही पुन्हा येणार नाहीस. मग परत सगळं भलतीकडे जाणार. त्याच्या जहाजाच्या पायाला तर भिंगरी."

तिचा तो केविलवाणा चेहरा इसोगाईला बघवेना. तिला धीर द्यावा, तिची झोप परत यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. बाकी काही नव्हतं. आणि तो बोलून गेला, "आता नाही हलणार, काकू. कायम असंच ठेवा."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता.

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. तोसे मान डोलावत होती. मग डोलावता डोलावता तिची मान थांबली. तिचा नवरा होडीवाला, सासरा होडीवाला, बाप होडीवाला. समुद्रात गेलेलं कुठलं जहाज कायम एका जागी राहतं, हे त्या बाईला काय शिकवायचं? तिनं एकदा टोप्यांच्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा इसोगाईकडे. त्याची मान खाली गेली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

इसोगाईनं कागदाच्या भिंतीकडे पाहिलं.

"बरं, नको बोलूस. हाताची बोटं दाखव. किती महिने?"

त्यानं तीन बोटं पुढं केली. बोटं दिसली आणि दाराशी बसलेल्या शिझुनोच्या घशातून असा एक आवाज निघाला की इसोगाई आयुष्यात तो विसरला नाही. तोसे झटकन उठली आणि तिनं सुनेच्या तोंडावर हात दाबला. रागानं नाही हो, दोन्ही हातांनी, छातीशी धरून.

"इथं नाही. इथं नाही, बाई माझी. विहिरीवरही नको, बायका असतात. आत कोठीत जा, गाद्यांमध्ये तोंड खुपस आणि मग काय करायचं ते कर. जा." शिझुनो भिंतीला धरत धरत आत गेली. तोसे दारापर्यंत गेली, बाहेर कुणी आहे का ते बघून आली आणि पुन्हा ताटासमोर बसली. सूप निवलं.

"मी काय केलं हे!" इसोगाई कपाळ चटईला टेकवून म्हणाला. "काकू, मला माफ करा. मी यायलाच नको होतं."

"वेडा आहेस. तू आलास म्हणून मला कळलं. ते लोक कधी सांगणार होते? वर्षानं? दोन वर्षांनी? तोवर मी वेड्यासारखी गोल गोल ताट फिरवत राहिले असते." तिनं सुपाच्या वाटीचं झाकण नीट बसवलं. "त्रास झाला का त्याला?"

"नाही. एका क्षणात. त्याला कळलंही नसेल." हे खरं की खोटं ते इसोगाईलाही माहीत नव्हतं.

तोसेनं ताटातल्या जेवायच्या काड्या उचलल्या. मेलेल्या माणसाच्या भातात काड्या उभ्या खोचतात, तशा खोचायला तिनं त्या भाताच्या वाटीवर नेल्या. आईला एवढा तरी हक्क नको का? पण काड्या भाताला लागायच्या आधीच तिचा हात थांबला. काड्या पुन्हा आडव्या ठेवल्या तिनं, जेवत्या माणसासाठी ठेवतात तशा.

"निशिवाकीची बायको रोज संध्याकाळी डोकावते," ती म्हणाली. "ताट दिसलं नाही तर विचारेल. उभ्या काड्या दिसल्या तर तिथून धावत नवऱ्याकडे. मग तो ठाण्यावर. मग तुझा पत्ता काढतील. तुला सोडणार नाहीत रे ते."

"मला काही झालं तरी चालेल."

"तुला चालेल, मला नाही चालणार!" तोसे एकदम कडाडली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माझा एक गेला. तुझीही कुणी आई आहे ना त्या बर्फात? तीही मांडत असेल तुझ्यासाठी ताट. तू गप्प राहायचंस. तू आलास, जेवलास, हसलास आणि गेलास. आम्ही दोघी उद्याही ताट मांडू, परवाही मांडू. त्यांचं पत्र येईल तोपर्यंत मांडू. निशिवाकी विचारेल तेव्हा म्हणू, मजेत आहे आमचा मुलगा. आणि त्यांचं पत्र येईल तेव्हा पहिल्यांदाच कळल्यासारखं रडू. जमेल आम्हाला. बायकांना सगळं जमतं."

तिनं ताट उचललं आणि इसोगाईसमोर ठेवलं. "खा. निवलंय, पण खा."

"नाही, काकू, हे माझ्यानं..."

"तो आपलं जेवण दुसऱ्यांना द्यायचा ना? मला माहीत आहे त्याची खोड. शाळेतसुद्धा डबा वाटून यायचा. मग त्याचं ताट तू खाल्लंस तर त्याला राग नाही येणार. खा म्हणते ना!"

इसोगाईनं खाल्लं. भाताचा कण न् कण खाल्ला. तोसे समोर बसून बघत होती, आणि तो मासळीचा काटा काढू लागला की "सांभाळून" म्हणत होती. आतल्या कोठीतून आवाज येत नव्हता.

दुपारच्या लाँचला सोडायला तोसे धक्क्यापर्यंत आली. फडकं नीट बांधलेलं, चेहरा धुतलेला. इसोगाईच्या हातात तिनं संत्र्यांची पिशवी दिली. निशिवाकी होताच, तो जाणार कुठं? आणखी चार-पाच बायका होत्या, लाँचवर चढणारी माणसं होती. सगळे त्या दोघांकडे बघत होते, कारण नौदलातल्या मुलाची खबर म्हणजे सगळ्या आळीची खबर.

"मग काय, तोसेबाई, खूश ना?" निशिवाकीनं विचारलं. "मुलाची खुशाली कळली!"

"खूश म्हणजे काय! पोटभर बोलून घेतलं. म्हणतो, जाड झालाय आमचा कुनिमात्सू."

बायका हसल्या. लाँचचा दोर सुटला. मधे पाणी दिसू लागलं, आणि इसोगाई कठड्याला धरून उभा राहिला. त्यानं टोपी काढली आणि वाकला. आता ही मागे फिरेल, घरी जाईल आणि रडेल, असं त्याला वाटलं. पण तोसे धक्क्याच्या अगदी टोकाला आली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "इसोगाई! त्याला सांग, पत्र टाक म्हणावं! चार ओळी लिहायला काय होतं मेल्याला? सांगशील ना?"

निशिवाकी हसत होता. लाँचवरची माणसंही हसत होती, आणि सगळ्यांनी इसोगाईकडे वळून पाहिलं, हा काय म्हणतो म्हणून. तोसेचे हात अजून तोंडाशीच होते. ती उत्तर ऐकल्याशिवाय हलणार नव्हती.

"सांगतो, आई!" इसोगाई ओरडला. आवाज फाटला म्हणून तो पुन्हा ओरडला, "भेटला की सांगतो!"